वरणाचं पाणी नको, घट्ट वरण: नागपुरात पोषण मेळावा भरवताना

१९ जानेवारी २०२५ ला, रविवारी, पूर्व नागपुरातल्या महापालिकेच्या एका मैदानावर आम्ही लहान मुलांच्या कुपोषणाविषयी खाद्यमेळावा भरवला. आम्ही म्हणजे आमच्या लेआउटमधल्या (वसाहतीतल्या) काही जणी, शेजारच्या वस्तीतले दोन बचत गट आणि तीन अंगणवाड्यांच्या सेविका व मदतनीस. मी शाळेत शिकवते. मैदानाची परवानगी, पोलीस स्टेशनचं ना हरकत पत्र, मंडपवाल्याशी बोलणी यातलं काहीच मी आधी केलेलं नव्हतं. आधी कोणाकडे जायचं हेच कळत नव्हतं आणि विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगायचा. तुमच्या भागात कोणाच्या मनात असं काही असेल तर त्यांची ही धावपळ थोडी कमी व्हावी, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

विषय निघाला तो ऑगस्टमध्ये. शाळेजवळच्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मी मदतीला गेले होते. सेविकाताई मुलांच्या डाव्या दंडाला मधोमध एक रंगीत पट्टी गुंडाळून बघत होत्या. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. ताईंच्या बोलण्यात तो ‘सॅम’. पिवळा म्हणजे मध्यम कुपोषण, ‘मॅम’. त्या दिवशी पिवळ्यात आलेल्या एका मुलाच्या घरी फ्रीज होता, मोटारसायकल होती. कुपोषण म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना मेळघाट आठवतो. इथे तर मूल आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहत होतं.

घरी येऊन आकडे शोधले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने बारीक. या दुसऱ्या बाबतीत देशाचा आकडा १९.३ आहे. आपलं राज्य तुलनेने सधन, आणि मुलांच्या बारीकपणात मात्र देशाच्या पुढे. आणखी एका आकड्याने मला झोप लागू दिली नाही: सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी देशभरात जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो.

ताईंना विचारलं, घरात असूनही मूल बारीक का राहतं? त्यांनी जे सांगितलं त्यावरच पुढे सगळा मेळावा उभा राहिला. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी रडलं की पाच रुपयांची कुरकुरीत पुडी. जेवताना वरणाचं वरवरचं पाणी, त्यात कुस्करलेला चमचाभर भात. ‘दाट पचत नाही’ म्हणून वरचं पाणी मुलाला आणि खालची डाळ मोठ्यांना. पोट इवलंसं, ते पाण्याने भरतं आणि अंगाला काही लागत नाही. हे सांगायला पोस्टर पुरणार नाही, वाटीतच दाखवावं लागेल, असं मला त्याच दिवशी वाटलं.

तारीख

सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण माह, तेव्हाच घेऊ असं आधी ठरलं. पण ७ ते १७ सप्टेंबर गणपती, वर पाऊस. ऑक्टोबर बघितला, तर १२ तारखेला दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात पोलिसांना दुसरं काही सुचत नाही आणि ते योग्यच आहे. दसरा झाला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सेविकाताई निवडणुकीच्या कामात अडकल्या आणि मैदान मिळेल का, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. मग डिसेंबर म्हटलं तर १६ ते २१ हिवाळी अधिवेशन, म्हणजे शहरभर बंदोबस्त.

या दिवसांत आमच्यातल्या दोघी-तिघी गळाल्या. मीही एका संध्याकाळी, जाऊ दे, अंगणवाडीतच छोटासा कार्यक्रम करू, असं म्हणून बसले होते. बचत गटाच्या अध्यक्ष बाईंनी ऐकलं नाही. अंगणवाडीत आया येतात, पण घास कोण भरवतं? आजी भरवते, कधी बाप, कधी मोठी बहीण. ते सगळे मैदानावरच येतील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते पुढे खरं ठरलं. जानेवारीतला संक्रांतीनंतरचा रविवार पक्का केला. त्या दिवसांत नागपुरात पालक, गाजर, पेरू, तुरीच्या शेंगा स्वस्त असतात आणि उन्हातही बसवतं. नागपुरात काही भरवायचं असेल तर मला विचाराल तर जानेवारीच.

कागद

पहिली भेट बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची घ्या. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला घेतली. रविवारी सेविकांनी यावं यासाठी त्यांचं पत्र लागतं, आणि ते पत्र हातात असलं की पुढच्या प्रत्येक टेबलावर बोलणं सोपं होतं. आमचं पत्र मुख्यसेविकांमार्फत आठवड्याभरात मिळालं.

मैदानासाठी झोन कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावाने अर्ज. महापालिकेत तेव्हा, मार्च २०२२ पासून, प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. त्यामुळे ‘आमच्या नगरसेवकांना सांगतो’ हा नेहमीचा रस्ता बंद होता. अर्जात तारीख, वेळ, अंदाजे माणसं, स्वयंपाक कुठे होणार, कचरा कोण उचलणार आणि जबाबदार व्यक्तीचा फोन, इतकं लिहा. सोबत हाताने काढलेला मैदानाचा नकाशा जोडा: मंडप, शेगड्या, पाण्याची टाकी, बाहेर पडायचे दोन रस्ते. हाच नकाशा आम्हाला पोलीस स्टेशनला, वाहतूक शाखेत आणि अग्निशमन विभागातही लागला, म्हणून झेरॉक्स भरपूर काढून ठेवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. एका कार्यालयात आमचा अर्ज सापडत नाही असं सांगितलं गेलं, तेव्हा आवक क्रमांक दाखवल्यावर तो सापडला.

हमीपत्र स्टॅम्पपेपरवर मागितलं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्पपेपर लागू झाला होता, तो खर्च आम्ही धरला नव्हता. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस स्टेशनमधूनच. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. आम्ही एकच छोटा स्पीकर ठेवला, कारण तान्ही मुलं येणार होती.

अन्न नोंदणीचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. आम्ही विकणार नव्हतो, फुकट देणार होतो, मग नोंदणी कशाला? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्न व्यवसायाच्या व्याख्येतच ‘नफ्यासाठी असो वा नसो’ असं आहे. बचत गटाच्या नावाने फॉस्कॉस या अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केली. वर्षाचे १०० रुपये, फोटो आणि ओळखपत्र, बस्स. सायबर कॅफेवाले यासाठी हजार-दीड हजार मागतात, देऊ नका, घरून फोनवर होतं. आणि शेगडीला घरचा लाल सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक निळा घ्या. अग्निशमनवाले पहिलं तेच बघतात.

पैसे

एकूण खर्च साठ हजारांच्या आत बसला. सगळ्यात मोठी रक्कम बिछायत केंद्राची, मंडप, टेबलं, सतरंज्या, गंज (पातेली) आणि स्टीलच्या वाट्या मिळून अठरा हजार. किराणा आणि भाजी चौदा हजारांच्या आसपास. भाजी पहाटे कॉटन मार्केटमधून आणली, ठोक भावात. उरलेलं मैदानाचं भाडं, सिलिंडर, छपाई, पाणी. अनामत वेगळी भरावी लागली. वर्गणी जमवली ती बहुतेक ओळखीच्यांकडून, पाचशे-हजार अशी.

दोन मोठ्या देणग्या आम्ही नाकारल्या आणि त्याबद्दल घरीही बोलणी खाल्ली. एक जण बाळाच्या तयार आहाराचे डबे देणार होते, बदल्यात कंपनीचं बॅनर. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या तयार आहाराची, दूधपावडरची आणि बाटलीची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं, कारण डबा बघितला की आईला आपल्या गंजातलं वरण कमी वाटायला लागतं. दुसरे गृहस्थ बिस्किटांचे खोके पाठवत होते. माणूस चांगला, भावना चांगली. पण ज्या मैदानावर ‘चहा-बिस्किटाने पोट मारू नका’ सांगायचं, तिथेच बिस्किटं कशी वाटणार? त्यांना आम्ही तूरडाळ मागितली, त्यांनी ती आनंदाने दिली.

काय शिजवायचं

यावर सगळ्यात जास्त भांडलो. लेआउटमधल्या आमच्या मैत्रिणींची यादी सुंदर होती: रंगीत कटलेट, बीटाचे लाडू, मोड आलेल्या कडधान्याचं चाट. बचत गटातल्या एका बाईंनी ती वाचून विचारलं, “हे घरी सकायी सात वाजता कोण करन जी?” त्यानंतर नियम एकच ठेवला. कामाला जाणाऱ्या बाईच्या घरात जे आधीच शिजतं त्यातूनच मुलाचा घास निघाला पाहिजे.

टेबलं पदार्थांप्रमाणे न लावता वयाप्रमाणे लावली. पहिलं टेबल सहा महिन्यांच्या आतल्यांचं, त्यावर काहीच खायला नाही: फक्त आईचं दूध, वर पाणीसुद्धा नको. बाजूला साड्या बांधून हिरकणी कक्ष. दुसरं सहा ते आठ महिन्यांचं: घट्ट वरण-भात मऊ कुस्करून, वर अर्धा चमचा तूप किंवा तेल, दिवसातून दोन-तीन वेळा. पुढे नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. तिथे मुगाची खिचडी दाण्याचं कूट घालून, पालक घातलेली वरणफळं, नाचणीची खीर, कुस्करलेला बटाटा आणि उकडलेलं अंडं. दोन वर्षांच्या पुढच्यांसाठी तीळ-जवसाचे छोटे लाडू, तुरीच्या सोल्यांचा भात, सांबार (कोथिंबीर) घातलेली बेसनाची धिरडी. अख्खे शेंगदाणे कुठेच ठेवले नाहीत, लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या आतल्यांना मध चाटवू नये, हेही तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण ती चाल घरोघरी आहे. गरोदर आणि स्तनदा आयांच्या टेबलावर डाळ-पालेभाजीसोबत संत्र्याची फोड ठेवली. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा त्याच्या उलट करतो. नागपुरात राहून संत्रं सांगायचं नाही तर काय सांगायचं.

अंड्यावरून गट फुटायची वेळ आली. काही जणींचं म्हणणं, अंडं असेल तर आम्ही स्वयंपाकाला येणार नाही. वस्तीतल्या बायका गप्प होत्या, शेवटी एक म्हणाली, “काऊन जी, अंडं काऊन नाही? आमच्या घरी तं हप्त्यातून दोनदा बनते.” एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं, सोलून कुस्करलं की झालं, आणि त्या जानेवारीत ते सात रुपयांच्या आत मिळत होतं. माझं मत स्पष्ट होतं आणि आजही आहे: ज्या घरात चालतं त्या घरातल्या मुलाच्या ताटातून आपल्या संकोचापायी अंडं काढून घेणं अन्याय आहे. शेवटी वेगळं टेबल, वेगळी शेगडी, वेगळी भांडी, वर मोठी पाटी, असं ठरलं. सगळ्या जणी आल्या.

आदला आठवडा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या आणि आयांचे फोन येऊ लागले, मूल गर्दीत आणू की नको? आम्ही ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी सांगितलं, उघड्यावर आहे, घ्या. पण सर्दी-तापाची मुलं आणू नका आणि हात धुवायची सोय दारातच करा. प्रवेशाशीच नळ लावलेली टाकी आणि साबण ठेवला. हात धुतल्याशिवाय वाटी नाही. हा नियम पुढे सगळ्यात चांगला पाळला गेला, कारण आत सोडायचं काम शाळकरी मुलींकडे होतं आणि त्या कोणाचंच ऐकत नव्हत्या.

तो दिवस

पहाटे पाचला शेगड्या पेटल्या. दहाची वेळ दिली होती, साडेदहापर्यंत मैदान जवळजवळ रिकामं होतं आणि माझ्या पोटात गोळा आला. अकरानंतर वस्तीतून माणसं येऊ लागली ती दोनपर्यंत थांबली नाहीत. भाषणं ठेवली नव्हती, उद्घाटनही नाही. एका पाहुण्यांना ते आवडलं नाही, पण तान्ह्या मुलाची आई भाषण ऐकत उभी राहू शकत नाही.

सगळ्यात जास्त गर्दी ज्या टेबलावर होईल असं वाटलं नव्हतं, तिथे झाली. एका वाटीत वरणाचं पाणी, दुसरीत घट्ट वरण. चमचा भरायचा आणि तिरपा करायचा. पाणी घरंगळून जातं, घट्ट वरण चमच्याला धरून राहतं. मुलाच्या पोटात काय राहणार ते समोर दिसतं. एक आजी बराच वेळ बघत होत्या. “माह्या नातवाले एवढं पचते का जी?” मदतनीसताईंनी वाद घातला नाही, बाळाच्या आईच्या हातात वाटी दिली आणि सतरंजीवर बसायला सांगितलं. बाळाने दोन घास थुंकले, मग अर्धी वाटी खाल्ली. आजींनी तूप किती, हिंग घालायचा का, सगळं विचारून घेतलं. भरवायचं काम प्रत्येक आईने स्वतःच करायचं, आम्ही कोणी दुसऱ्याच्या मुलाला घास द्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं; तुम्हीही तसंच ठरवा.

वडीलमंडळी अंड्याच्या टेबलापाशी रेंगाळत होती. एका रिक्षावाल्या दादांनी दोन वर्षांच्या मुलीला रोज संध्याकाळी पुडी नेतो असं सांगितलं, आणि मग त्या पैशात काय येतं याचा हिशेब आमच्या मुलींकडून लिहून घेतला: केळं, मुरमुरे-फुटाण्याची भरड, उरलेल्या पैशात गूळ.

दंडघेर मोजायची जागा पडद्याआड होती. माइकवरून कोणत्याही मुलाचं नाव घ्यायचं नाही, रंग ओरडून सांगायचा नाही, फोटो काढायचा नाही, असं सगळ्या स्वयंसेवकांकडून लिहून घेतलं होतं. बारीक मुलांचे फोटो पोस्टरवर लावायलाही मी ठाम नकार दिला. कोणत्याही आईला आपलं मूल तिथे बघून मान खाली घालावी लागू नये.

लाल पट्टीत दोन मुलं आली. त्यातली एक चौदा महिन्यांची मुलगी. तिची आई म्हणाली, “दिवसभर दूधच पेते, जेवाचं नावच घेत नाही.” दूध बाटलीतलं, पाणी घातलेलं. पडद्यामागे बसलेल्या डॉक्टरांनी पायांवर सूज आहे का पाहिलं, वजन-उंची घेतली आणि सरकारी रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी दिली. तिथे साधारण चौदा दिवस राहावं लागतं, उपचार आणि आहार मोफत, आणि आईला बुडीत मजुरीही मिळते. हे ऐकूनही ती बाई नाहीच म्हणाली. मोठा मुलगा पहिलीत, त्याला कोण बघणार? सेविकाताई तिच्याशेजारी सतरंजीवर बसून राहिल्या. त्या दिवशी दुपारभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. तिच्या बहिणीला फोन लावला, ती गोधनी रेल्वे या गावाहून यायला तयार झाली, आणि मंगळवारी ताई स्वतः त्यांना घेऊन रुग्णालयात गेल्या. दुसऱ्या मुलाची भूक चांगली होती आणि दुसरं कोणतं दुखणं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर दाखल न करता घरूनच उपचार सुरू झाले. पट्टी घेऊन बसणार असाल तर आधी ठरवा की लाल निघाल्यावर मूल कुठे जाणार आणि सोबत कोण जाणार. ते ठरलेलं नसेल तर पट्टी आणू नका.

नंतर

अडीच वाजता जेवण संपलं. उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं मुलांना द्यायचं नव्हतं, म्हणून खिचडी आणि वरण थोडं थोडं करून शिजवलं होतं. वाया फार गेलं नाही. द्रोण-पत्रावळी वेगळ्या पोत्यांत भरून मैदान संध्याकाळपर्यंत झाडून दिलं आणि झाडलेल्या मैदानाचे फोटो काढून ठेवले. अनामत परत मागताना ते फोटो उपयोगी पडले. रक्कम मार्चमध्ये खात्यात आली.

एका स्थानिक वार्ताहरांना ‘वस्तीत इतके टक्के कुपोषित’ असा मथळा हवा होता. आम्ही आकडा दिला नाही. जी मुलं आली त्यांचंच मोजमाप झालं, त्यावरून वस्तीची टक्केवारी काढता येत नाही, आणि वस्तीला तसं नाव लावायचा हक्क आम्हाला नव्हता. लाल-पिवळ्या मुलांची यादी फक्त सेविकांकडे गेली आणि त्यांनी ती पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी ॲपवर घेतली.

ती मुलगी केंद्रातून फेब्रुवारीत घरी आली. बाटली सुटली आहे. खाणं हळूहळू वाढतं आहे, ताई दर आठवड्याला वजन घेतात.

हिशेब बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. साडेतीन हजार उरले. त्यातून दोन्ही गट आता अंगणवाड्यांच्या अन्नप्राशन दिवसाला जाऊन दोन वाट्यांचं ते टेबल मांडतात. पुढचा कार्यक्रम रेल्वे लाइनपलीकडच्या वस्तीत आहे. गंज आणि शेगडी तिथल्या मदतनीसताई देणार आहेत, तूरडाळ आणि तूप आम्ही नेणार.